भरावाची फाईल सभेत आली, तर हात वर करणार का?

प्रति,
संपादक,

महोदय,

१५ जानेवारी २०२६ ला कोल्हापूर महापालिकेचं मतदान आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासकाचा कारभार आहे, म्हणजे पाच वर्षं आम्हाला नगरसेवकच नव्हता. आता येतायत ते चार-चारानं. २०१५ ला एका प्रभागात एक नगरसेवक निवडायचा होता. यंदा शहरात पहिल्यांदाच बहुसदस्यीय पद्धत, वीस प्रभाग (एकात तेवढे पाच जण) आणि ८१ जागा. त्यामुळं दारात पॅनेल येतं. चौघं हात जोडतात, मागचा कार्यकर्ता पत्रक हातात कोंबतो आणि ताफा पुढच्या दारात जातो. विचारायला सवड मिळत नाही. मी तरी दार अडवून विचारतोच.

मी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतला मूर्तिकार आहे. आजोबांपासून गणपतीचं काम. जयंती नाला आमच्या मागच्या अंगानं जातो, त्यामुळं पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी नकाशावरची रेघ, हा शब्द आमच्या घरात पोरासोरांनाही माहीत. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न करतो: पूररेषेतल्या भरावाबद्दल (म्हणजे माती-मुरूम ओतून सखल जागा उचलण्याबद्दल) आणि नव्या बांधकामाबद्दल तुमचं मत काय, आणि तिथं घरं नकोत तर माणसांनी राहायचं कुठं? प्रश्नाचे दोन भाग आहेत, पण दुसऱ्या भागापर्यंत अजून फार कोणी पोचलेलं नाही.

पहिलं पॅनेल आलं त्यातले ज्येष्ठ म्हणाले, “मामा, पूर येतो तो अलमट्टीमुळं. वरच्या पातळीवर चाललंय बोलणं.” कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढू नये असं मलाही वाटतं, त्यासाठीच्या मोर्चात मीही चाललोय. पण २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनानं वडनेरे समिती नेमली होती. तिनं नदीपात्रातल्या आणि पूररेषेतल्या अतिक्रमणांकडंही बोट दाखवलं. त्या अहवालातलं कर्नाटकाबद्दलचं काय ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. आपल्याबद्दलचं पान कोणी उघडत नाही. अलमट्टी नगरसेवकाच्या हातात नाही. नाल्याकडेचा प्लॉट आहे. म्हणूनच बहुतेक अलमट्टीवर बोलणं सोयीचं पडतं.

दुसऱ्यांनी संरक्षक भिंतीचं आश्वासन दिलं. जाहीरनाम्यात चित्रसुद्धा आहे, भिंतीवर झाडं आणि जॉगिंग ट्रॅक. त्यांना मी विचारलं, पाणी आमच्याकडं नदीवरून येतं की नाल्यातून? एकमेकांकडं बघायला लागले. शाहूपुरीत कोणालाही विचारा. पंचगंगा चढली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं, मग उलटं फिरतं, आणि पहिलं पाणी गटारीच्या झाकणातून बुडबुडत वर येतं. नदीकाठाला भिंत बांधून नाल्याचं तोंड उघडं ठेवलं तर भिंतीचा उपयोग काय? आणि तोंडाला दार बसवलं तर शहरातलं पावसाचं पाणी पंपानं उचलून टाकावं लागेल, त्याचं गणित कोणी मांडलंय का? उमेदवार इंजिनिअर असावा असं माझं म्हणणं नाही. पण ज्या प्रभागात मत मागायचं, तिथं पाणी कुठल्या बाजूनं शिरतं एवढं तरी ठाऊक असावं.

तिसऱ्याचं उत्तर सगळ्यांत गोड होतं. “मामा, आमची सत्ता आली की पूररेषेचा फेरविचार करून घेतो. तुमच्या घरालाही परवानगी मिळंल.” इथं मला माझी अडचण सांगितली पाहिजे. आमचं घर कौलारू, भिंती दोन पुरांनी पोकळ झालेल्या. नव्यानं बांधायचं म्हटलं तर परवानगीला चकरा आणि परवानगीशिवाय बँक दारात उभी करत नाही. त्यामुळं रेषा पुसली तर फायदा मलाही आहे. पण कागदावरची रेषा पुसून पाण्याला काय कळणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३. त्यावेळी लोक म्हणाले, असा पूर पुन्हा शंभर वर्षांत नाही. दोन वर्षांनी जुलै २०२१ मध्ये ती ५६ च्या वर गेली. आमच्या कारखान्याच्या भिंतीवर रेघा आहेत. २००५ ला पाणी उंबऱ्याशी थांबलं होतं. २०१९ ची रेघ खिडकीला आहे, २०२१ ची तिच्यावर वीतभर.

ज्यांनी पुरात मूर्ती हलवल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २०१९ ला गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती आणि पूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. म्हणजे माल तयार, निम्म्याचं रंगकाम झालेलं, बुकिंग घेतलेलं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आमच्याकडं हालचाल सुरू होते. लहान मूर्ती माळ्यावर, फळ्यांवर, नातेवाइकांच्या जिन्यात. मोठ्या मंडळांच्या मूर्ती हलत नाहीत, त्यांच्याखाली बॅरल आणि लाकडी ओंडके सारून जेवढं उचलता येईल तेवढं. शाडूच्या मूर्तीला पाणी लागलं की बोटांपासून सुरुवात होते. आधी बोटं जातात, मग मोदक, मग सोंडेचं टोक, आणि सकाळपर्यंत पाटावर चिखलाचा ढीग. प्लास्टरची वरून शाबूत दिसते, पण आत ओल धरते आणि रंगाला पोपडे येतात. ती विकता येत नाही आणि विकू पण नये. त्या वर्षी गल्लीतल्या कारागिरांनी घेतलेले आगाऊ पैसे परत करायला दागिने मोडले. बापट कॅम्पातल्या आमच्या भाऊबंदांची अवस्था याहून वाईट होती.

आता भरावाकडं येतो. आमच्या वरच्या अंगाला, नाल्याला लागून एक सखल जागा होती. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साचायचं, म्हशी बसायच्या. पूर आला की पाणी आधी तिथं पसरायचं, मग गल्लीत यायचं. तेवढ्यात आम्हाला निम्मी रात्र मिळायची. मग तिथं रात्रीचे डंपर यायला लागले. खरमाती, मुरूम, पाडलेल्या घरांचं रॅबिट. दिवसा चौकशी केली की “पार्किंगसाठी सपाटी करतोय.” दोन उन्हाळ्यांत ती जागा रस्त्याच्या वर आली. जागा कोणाची, भराव कोणी टाकला, ते इथं लिहीत नाही. तक्रार केली होती. पोच मिळाली, बाकी काही नाही. २०२१ ला पाण्याला पसरायला ती जागा नव्हती. निम्मी रात्र गेली ती तशी.

हे सगळं बेकायदेशीरच असतं असंही नाही. माझी खरी तक्रार इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. डिसेंबर २०२० पासून राज्याला लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणं नदीकाठ ते निळी रेषा एवढ्यात नवं बांधकाम चालत नाही. उद्यान, उघडं पार्किंग असले उपयोग चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये मात्र बांधकाम चालतं. अट एवढीच की ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट उंचीवर पाहिजे. वाचायला बरं वाटतं. पण ही उंची गाठायची कशी? खांब उभे करून खालची जागा मोकळी ठेवली तर पाणी खालून वाहून जातं. मुरूम ओतून जागाच उचलली तर त्या जागेतलं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. फ्लॅटवाल्याचं घर कोरडं राहतं आणि नियमही पाळला जातो. पाणी कुठं गेलं हे त्या परवानगीत कोणी विचारत नाही. शिवाय फ्लॅट कोरडा राहिला तरी रस्ता बुडतोच. २०२१ ला अशा नव्या इमारतींतून म्हातारी माणसं बोटीनं काढावी लागली, लिफ्ट बंद, खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे टप सुद्धा दिसत नव्हते.

शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या भरावानं पाणी अडतं, तिथं पिलरचा पूल करा, ही मागणी सगळ्या पक्षांनी केली. रास्त आहे. पण महामार्गाच्या भरावानं पाणी अडतं हे ज्यांना कळतं, त्यांना शहरातल्या भरावानंही अडतं हे कळत नसेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडं नगरसेवक म्हणजे गटर, दिवाबत्ती, पेव्हिंग ब्लॉक आणि मंडळाला वर्गणी. जमिनीचं काय करायचं याचा अधिकारही त्याच्याकडं असतो, पण प्रचारात त्याचा उल्लेख येत नाही. हा अधिकार १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातला. त्यातल्या कलम ३७ प्रमाणं विकास योजनेत फेरबदल करायचा प्रस्ताव महासभेपुढं येतो: शेतीचा पट्टा रहिवासी करा, बागेचं आरक्षण वगळा. हात वर करतात ते नगरसेवक. कलम १२७ त्याहून नाजूक. योजना मंजूर होऊन दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही तर मालक पर्चेस नोटीस देतो, म्हणजे ‘जागा विकत घ्या, नाहीतर सोडा’ असं लेखी कळवतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेनं संपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप सुटतं. त्यासाठी कोणाला काही ठराव करावा लागत नाही, नुसतं गप्प बसावं लागतं. विषय ‘पुढील सभेत’ ढकलत राहायचा. शाळा, मैदान, गरिबांच्या घरांसाठी ठेवलेली जागा मोकळी होते आणि कोणाचंच नाव कुठं येत नाही. ‘ढपला’ म्हणजे मधल्यामधे हाणलेला पैसा, हे कोल्हापूरकरांना शिकवायला नको. खड्ड्यांच्या टेंडरातला ढपला पाचशे मीटर रस्त्यापुरता असतो. आरक्षण सुटलं की ती जागा कायमची गेली.

वेळही नेमकी तीच आहे. शहराची दुसरी सुधारित विकास योजना मंजूर होऊन वीस वर्षं कधीच उलटली आणि कायद्याप्रमाणं वीस वर्षांतून एकदा ती सुधारायला हवी. तिसऱ्या योजनेचं घोंगडं भिजत पडलंय. ती येईल तेव्हा प्रारूपावर हरकती द्यायला लोकांना तीस दिवस मिळतील. त्या हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत तीन जण स्थायी समितीचे सदस्य असतात. म्हणजे आता जे निवडून येतील त्यांच्यातलेच तिघे उद्या आमच्या हरकतीच्या कागदापुढं बसतील. त्यांचं मत आज विचारायचं नाही तर कधी विचारायचं?

आता प्रश्नाचा दुसरा भाग, राहायचं कुठं. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हा जी हद्द होती तीच आजही आहे, ६६.८२ चौरस किलोमीटर. त्यातला नदीकडचा पट्टा पुराचा. उरलेल्या जागेचे भाव आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर. हद्दवाढीचा विषय प्रत्येक निवडणुकीत निघतो. गावांनी विरोध केल्यावर २०१७ ला मधला मार्ग म्हणून करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या ४२ गावांचं प्राधिकरण केलं. त्यानं काय झालं ते पाचगाव, मोरेवाडी, कळंब्याला चक्कर मारून बघा. माझ्या धाकट्या भावानं २०१९ च्या पुरानंतर पाचगावच्या बाजूला दीड गुंठा घेतला. सामाईक सातबारा, त्यावर अनोळखी माणसांची रांग. रस्ता नकाशात बारा फुटांचा, पण वळणावर एकानं कंपाउंड पुढं घेतल्यानं टँकर आत येत नाही, आणि उन्हाळ्यात टँकरशिवाय पाणी नाही. पूर नाही हे सुख. गुंठेवारी, म्हणजे असे गुंठ्या-गुंठ्यानं परवानगीशिवाय पाडलेले प्लॉट, नियमित करायची तारीख आधी १ जानेवारी २००१ होती, २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तारीख सरकली की कागद सुटतो. रस्ता तेवढाच राहतो.

भावाची गंमत म्हणजे तो रोज कामाला शहरात, पोरं शाळेला शहरात, आणि मत मात्र ग्रामपंचायतीत. शहरातले उमेदवार छाती ठोकून सांगतात, हद्दवाढ करणारच. त्याच पक्षाचे पुढारी गावातल्या सभेत म्हणतात, एक इंच जमीन देणार नाही. दोन्हीकडं टाळ्या. गावांची भीती मला कळते. घरफाळा वाढणार, सोयी मिळतीलच याची खात्री नाही, आणि शेतजमिनीवर आरक्षण पडलं तर अडकलंच. पण शहराच्या उमेदवारानं गावाला काय देणार ते सांगितल्याशिवाय नुसतं ‘हद्दवाढ पाहिजे’ म्हणण्याला अर्थ नाही. पाणी कधी, रस्ता किती रुंद, आणि जमीन घेतली तर मोबदला रोख की टीडीआर (पैशाऐवजी दुसरीकडं जादा बांधकामाचा हक्क), हे तिघांपैकी एकानंही मला सांगितलेलं नाही.

मला काय पाहिजे तेही लिहितो, नाहीतर लोक म्हणतील मामांना नुसती नावं ठेवायला येतात. नाल्याकाठी आणि पूरक्षेत्रात नवा भराव अजिबात नको, रेषा निळी असो की लाल. ज्यांची घरं रेषा आखायच्या आधीपासून तिथं आहेत त्यांना खांबांवर, खालची जागा मोकळी ठेवून, तेवढ्याच क्षेत्राचं घर बांधायला सुटसुटीत परवानगी द्यावी. त्यासाठी रेषा सरकवायची गरज नाही. आणि तिसऱ्या योजनेत उंचावरची एक जागा मूर्तिकारांच्या कामासाठी आणि एक पूरग्रस्तांच्या घरांसाठी आरक्षित करावी, आणि दहा वर्षांच्या आत ताब्यात घ्यावी. आमचा धंदा गल्लीत राहावा असं मला मनापासून वाटतं. गिऱ्हाईक तिथं येतं, देवाला न्यायला तिथूनच वाजत निघतं. पण जुलै-ऑगस्टला तयार माल ठेवायला कोरडं छप्पर मिळालं तरी निम्मं दुखणं जाईल.

एका उमेदवाराबद्दल लिहिलं पाहिजे. पॅनेलबाहेरची, अपक्ष, बाई आहेत. प्रश्न ऐकून म्हणाल्या, “मामा, मला यातलं फारसं कळत नाही. डंपर कुठून यायचे ते दाखवा.” चप्पल घालून आलो. नाल्याच्या कडेनं पार मागंपर्यंत चालल्या, साडीचा काठ चिखलात गेला, फोटो काढले. पूर येतो तेव्हा पाणी कुठल्या घरात आधी शिरतं ते दोन घरांत जाऊन विचारलं. आश्वासन काही दिलं नाही. त्या निवडून येतील असं गल्लीत कोणी म्हणत नाही, आणि मी मत कोणाला देणार तेही इथं सांगणार नाही.

संपादक महोदय, तुमच्या पानावर रोज उमेदवारांची पदयात्रा, त्यांचं औक्षण आणि कोणी कोणाला पाठिंबा दिला ते येतं. त्यात एक चौकट वाढवा. प्रभागातल्या प्रत्येक उमेदवाराला तीन प्रश्न लेखी पाठवा. पूररेषेतल्या भरावाला मुभा देणारा कलम ३७ चा प्रस्ताव सभेत आला तर हात वर करणार का? पर्चेस नोटीस आलेल्या आरक्षणाचा विषय तुमच्यासमोर पुढच्या सभेवर ढकलला जात असेल तर त्याला विरोध नोंदवणार का? हद्दवाढीत गावांना पहिल्या वर्षी काय देणार? उत्तर हो-नाहीत आणि चार ओळींत. आलेली उत्तरं काटछाट न करता नावानिशी छापा. ज्यांची येणार नाहीत त्यांच्या नावापुढची जागा कोरी ठेवा, आणि ते कात्रण जपून ठेवा. तिसऱ्या योजनेचं प्रारूप आलं की आम्ही ते मागायला येऊ.

आपला,
शाहूपुरी कुंभार गल्लीतील एक मूर्तिकार
कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)